अर्ध्या दिवसाची रजा

कल्याण स्टेशनच्या फलाटावर वैशाखातल्या वाऱ्यानं एका तरुणाच्या हातातली वही उडवली, आणि ती नेमकी उत्तराच्या पायाशी येऊन पडली.

फलाटावर माणसं काय थोडी होती? पोती राखत बसलेले व्यापारी होते, नाशिकहून परतलेले यात्रेकरू होते, कोंबड्यांची खुराडी घेतलेल्या बाया होत्या. पण वाऱ्याचं काही सांगता येत नाही. उत्तरा लिंबाच्या सावलीत आपल्या ट्रंकेवर बसली होती. तिचे वडील, विश्राम मास्तर, तिकिटाच्या खिडकीशी गेले होते. तिनं वही उचलली. उघड्या पानावर वळणदार अक्षरात एक इंग्रजी शब्द होता आणि पुढं मराठी अर्थ.

"टॅ...सि...टर्न," ती पुटपुटली. "मितभाषी."

"तुम्हाला — इंग्रजी येतं?"

समोर तो तरुण उभा होता. डोक्याला पगडी, अंगात कचेरीचा डगला, आणि चेहऱ्यावर भर दुपारी भूत पाहिल्यासारखा भाव. खरं तर तिनं वही खाली ठेवून तोंड फिरवायला हवं होतं. चारचौघांत परक्या पुरुषाशी बोलणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा तिचा जन्माचा दोष.

"अक्षरं येतात," ती म्हणाली. "पण मितभाषी माणसानं अनोळखी बाईला प्रश्न विचारावेत का, ते या वहीत दिलंय का हो?"

त्याचे कान लाल झाले. "वहीत... नुसते अर्थ आहेत. वापर माणसांकडून शिकावा लागतो."

"मग शिका की!"

तो हसला. तेवढ्यात तिकिटं घेऊन येणारे मास्तर त्याला दिसले, आणि पोलीस दिसल्यासारखा तो वही घेऊन गर्दीत पार नाहीसा झाला. कोण होता, कुठला होता... उत्तरानं मान झटकली. आता असले विचार करायचे दिवस संपले होते. ती सासरी निघाली होती.

एकोणीस वर्षांची मुलगी आणि आता सासरी, म्हणून भुवया उंचावू नका. लग्न नवव्या वर्षीच झालं होतं, ठाण्याच्या कर्णिकांकडे. नवरदेव चौदा वर्षांचे. लग्नानंतर ते शिकायला मुंबईला काकांकडे गेले आणि इकडे उत्तराच्या आईनं अंथरूण धरलं. घरात दुसरं बाईमाणूस नाही. 'पाठवतो, पाठवतो' म्हणता म्हणता दहा वर्षं गेली. माघात आई गेली आणि ठाण्याहून सांगावा आला, आता तरी सून पाठवा. नवऱ्याचा चेहरा उत्तराला आठवत नव्हता. मुंडावळ्यांच्या आड त्याचे कान लालबुंद झाले होते, तेवढंच आठवत होतं.

ठाण्याला मासुंद्याच्या तळ्याजवळ कर्णिकांचं घर. उंबऱ्यावर सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. पदराच्या आडून उत्तरानं हळूच वर पाहिलं. ओसरीच्या खांबाला धरून एक जण धापा टाकत उभा होता. मागच्या गल्लीनं पळत आला असावा. डगला तोच. पगडी तीच. आणि कान...

आपण फलाटावर ज्याला चारचौघांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं, तो हा! एका शब्दानं त्यानं आईला सांगितलं, की झालं.

"त्र्यंबक, आज कोर्टातून इतक्या लवकर?" सासूबाईंनी विचारलं.

"काम... काम लवकर आटपलं," तो म्हणाला आणि चोरट्या नजरेनं उत्तराकडे पाहिलं.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की घाबरलाय तो! आणि का, तेही कळलं. त्या काळी मुलीला सासरी पोचवावं बापानं नाहीतर भावानं. आणायला जावं दिरानं, नाहीतर घरच्या गड्यानं. नवऱ्यानं स्वतः बायकोच्या गावी जाणं म्हणजे हसं. पाहणारा म्हणणार, एवढा कसला उतावीळ! आणि हे गृहस्थ कोर्टाला दांडी मारून कल्याणला पोचले होते. कशासाठी, ते सांगायला जोशीबुवा नकोत.

एकूण काय, दोघं एकमेकांच्या मुठीत सापडली होती. उत्तराला भीती वाटली, आणि भीतीच्या मागोमाग हसू आलं.

कर्णिकांच्या घराची एक शिस्त होती. नवराबायकोनं दिवसा, वडीलधाऱ्यांच्या देखत, एकमेकांशी बोलायचं नाही. पाणी हवं असेल तर त्र्यंबकनं भिंतीकडे पाहून म्हणायचं, "कुणी आहे का?" आणि उत्तरानं तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागं सरायचं. चांगला मुहूर्त निघेपर्यंत रात्रीही ती सासूबाईंशेजारी माजघरात निजायची, तो माडीवर. सासूबाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी तेच पाहिलं होतं, तेच पाळलं होतं, आणि पाळल्याचा त्यांना अभिमान होता.

पण माजघराच्या कोनाड्यात त्र्यंबकची लहानपणची पाटी होती. चौथ्या दिवशी तो कोर्टात गेल्यावर उत्तरानं केर काढताना पाहिलं, तर पाटीवर एक शब्द, टॅसिटर्न. खाली बारीक अक्षरात, 'वापर शिकवणार होतात...'

तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि पेन्सिल उचलली. 'या घरात दिवसा सगळेच टॅसिटर्न असतात.'

संध्याकाळी त्र्यंबक उगाचच कोनाड्यात काहीतरी शोधायला गेला. आतून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता, दाबलेलं हसू होतं, हे चुलीपाशी बसलेल्या उत्तराला बरोबर कळलं.

मग रोज एक शब्द. त्र्यंबक कोर्टात भाषांतराच्या टेबलावर उमेदवार होता. दिवसभर मराठी अर्जांचं इंग्रजी आणि इंग्रजी निकालांचं मराठी करायचं, हे त्याचं काम. कागदांत नवा शब्द भेटला, की तो पाटीवर यायचा. 'डोसाइल, म्हणजे गरीब, सांगितलं ते ऐकणारी.' उत्तरानं खाली लिहिलं, 'दिसते तशी मी डोसाइल नाही.' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'ते कल्याणलाच कळलं.'

एकदा विहिरीपाशी कुणी नव्हतं. तो हातपाय धुवायला आला. तिनं पाणी ओतलं.

"त्या दिवशी कल्याणला काय काम होतं?" तिनं हळूच विचारलं.

"होतं... कोर्टाचं."

"असं? कुठला खटला?"

"जुना. दहा वर्षं तुंबलेला." आणि कान लाल करून तो पळाला.

उत्तरा रिकामी बादली हातात धरून कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली. या माणसावर आपला जीव जडला आहे, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं. लग्नाला दहा वर्षं होऊन गेल्यावर! पण उशिरा का होईना, कळलं.

आषाढ गेला, श्रावण लागला. ऊन पडायचं, मध्येच सर यायची, वाळत घातलेली लुगडी दिवसातून चारदा आत-बाहेर व्हायची. अशाच एका गुरुवारी शिरस्तेदार महिपतराव घरी आले. कोर्टातले सगळ्यात जुने कारभारी, त्र्यंबकच्या कैलासवासी वडिलांचे स्नेही. ओसरीवर पान लावता लावता ते सासूबाईंशी बोलू लागले. माजघराच्या दाराआड उत्तरा तांदूळ निवडत होती. तिचे कान बाहेर होते.

"वहिनी, भाषांतरकाराची जागा सोमवारी भरायची आहे. त्र्यंबक आणि माझा पुतण्या, दोघंच उमेदवार. आता घरचीच पोरं, मी कुणाची बाजू घ्यायची? पण त्र्यंबकच्या नावापुढं साहेबानं शेरा मारलाय. अक्सोरिअस."

"म्हणजे काय हो भावजी?"

"इंग्रजी शब्द आहे. चांगला नाही एवढं खरं. वैशाखात एका निकालाचं भाषांतर अर्धवट टाकून हा दुपारीच निघून गेला. साहेबाला कागद तीन वाजता हवा होता. चौकशी झाली. मी त्या दिवशी कल्याणच्या गाडीत होतो, याला डोळ्यांनी पाहिलं. विचारल्यावर खोटं कसं सांगू?" त्यांनी सुपारी कातरली. "साहेबाची पद्धत अशी, की ज्याचा शेरा त्यानंच त्याचं मराठी करायचं आणि खाली सही करायची. मागाहून 'कळलं नव्हतं' म्हणायला नको. सोमवारी अकराला. सही केली की शेरा जन्माचा चिकटला."

सासूबाईंनी पानाचं तबक बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "कल्याणला? बायकोला आणायला? माझा मुलगा?"

महिपतराव गेल्यावर त्यांनी उत्तराला बोलावलं. आवाज चढला नव्हता, म्हणून तर जास्त भीती वाटली. "सोमवारी दुपारच्या गाडीनं माहेरी जा. श्रावणात पोरी माहेरी जातातच, कुणी काही म्हणणार नाही. त्याचं बस्तान बसलं की बोलावीन."

"कधी... सासूबाई?"

"वर्ष लागेल, दोन लागतील. दहा वर्षं काढलीसच की."

उत्तरा खाली मान घालून आत गेली. दहा वर्षं काढली होती ती अनोळखी माणसावाचून. आता एक दिवस काढणं जड होतं. पण हे कुणाला सांगणार?

शुक्रवारी पाटी कोरी होती. सासूबाई दुपारी आडव्या झाल्यावर उत्तरा चोरपावलांनी माडीवर गेली. तिसरी पायरी कुरकुरली. ती श्वास रोखून थांबली. खालून हालचाल नाही... त्र्यंबकच्या फळीवर जाडजूड इंग्रजी-मराठी कोश होता. ऐकलेल्या उच्चारावरून तिनं आधी 'ए'ची पानं पालथी घातली, मग 'ओ'ची. इंग्रजीचं स्पेलिंग म्हणजे नवसाचं पोर, कुणाचं ऐकत नाही. शेवटी 'यू'मध्ये सापडला.

'अक्सोरिअस. बायकोवर प्रमाणाबाहेर प्रीती करणारा. बायकोच्या आहारी गेलेला.' खाली बारीक टीप होती, 'हा शब्द बहुधा निंदेनं वापरतात.'

तिनं ते तीनदा वाचलं. लाजेनं तिचा चेहरा तापला, आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला, की कोश छातीशी धरून ती भिंतीला टेकली. एका विलायती न्यायाधीशानं सरकारी कागदावर लिहून ठेवलं होतं, की तिच्या नवऱ्याचं तिच्यावर प्रेम आहे! आणि तेच त्याच्या भाकरीवर उठलं होतं.

खाली येऊन तिनं विचार केला. भाषांतर त्यालाच करायचं आहे ना? मग शब्दाला थोडं मऊ केलं तर? तिनं पाटीवर लिहिलं, 'कुटुंबवत्सल. हे लिहावं. माझी शपथ.'

संध्याकाळी त्र्यंबकनं पाटी पाहिली. तिनं फटीतून पाहिलं, तो हसला नाही. बोटानं हळूहळू पाटी पुसली आणि तशीच ठेवून दिली. शनिवार गेला. रविवार गेला. पाटीवर एक अक्षर नाही. विहिरीपाशी तो आला नाही. जेवताना मान वर केली नाही. उत्तराला वाटलं, संपलं. आईचं ऐकायचं त्यानं ठरवलं असेल. आणि का ऐकू नये? नोकरी जाईल, नाव जाईल, आणि कुणासाठी? तीन महिन्यांच्या ओळखीच्या बाईसाठी.

सोमवारी ट्रंक ओसरीवर आली. दारात धाकू गाडीवानानं बैलांची दमणी आणून उभी केली. मोलकरीण सखुबाई डोळे पुशीत उभी, आणि शेजारच्या दोघी 'माहेरपणाला निघाली वाटतं' म्हणत चौकशीला आलेल्या. कोर्टात अकराचे ठोके कधीच पडून गेले होते. त्यानं काय लिहिलं? सही केली? उत्तरानं सासूबाईंना वाकून नमस्कार केला.

तेवढ्यात भर बाराच्या उन्हात, श्रावणाची एक सर अंगावर घेत, त्र्यंबक फाटकातून आत आला. पगडी ओली, जोडे चिखलात माखलेले. मागच्या गल्लीनं नाही, समोरून.

तो ओसरीवर चढला. आई, शेजारणी, मोलकरीण, गाडीवान, सगळ्यांच्या देखत उत्तरासमोर उभा राहिला.

"उत्तरा," तो म्हणाला, "थांब जरा."

शेजारणींनी तोंडाला पदर लावले. त्या घरात भर दुपारी नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारलेली भिंतींनीसुद्धा कधी ऐकली नव्हती.

"त्र्यंबक! शुद्धीवर आहेस का?" सासूबाई म्हणाल्या.

"आहे, आई. साहेबांनी कागद पुढं केला. मी मराठी लिहिलं, 'बायकोवेडा'."

उत्तरानं डोळे मिटले.

"सही कर म्हणाले. मी म्हटलं, भाषांतरावर करतो, शेऱ्यावर करणार नाही. साहेबांनी विचारलं, शब्द चुकला का? म्हटलं, अर्थ बरोबर आहे, वापर चुकलाय. कोशात 'प्रमाणाबाहेर' असं लिहिलंय. माझ्या लग्नाला दहा वर्षं झाली. दहा वर्षांत बायकोसाठी मी अर्धा दिवस काढला. न विचारता काढला, कागद अर्धवट टाकला, त्याची शिक्षा द्या, मी घेतो. पण दहा वर्षांत अर्धा दिवस हे प्रमाणाबाहेर असेल, तर मग प्रमाण तरी कुठलं, ते साहेबांनी सांगावं."

"असं बोललास? साहेबाला?"

"घाबरलो होतो, आई. पण बोललो." त्यानं चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. "साहेबांच्या टेबलावर मडमेची तसबीर आहे. त्या विलायतेला जाऊन चार वर्षं झाली म्हणतात. साहेब तिच्याकडे बघत बसले... मग त्यांनी शेऱ्यावर आडवी रेघ मारली."

"आणि जागा?"

"ती महिपतरावांच्या पुतण्याला. कागद टाकून गेलो, ही चूक खरीच ना? मला कल्याणच्या धाकट्या मुन्सफ कोर्टात कारकून म्हणून पाठवलंय. उद्या रुजू व्हायचं."

सासूबाई खांबाला धरून खाली बसल्या. घर एका क्षणात रिकामं झालेलं त्यांना दिसलं असावं. त्र्यंबक त्यांच्यापाशी गुडघे टेकून बसला.

"तूच म्हणालीस ना, हिला कल्याणला पाठवायचं? मी पोचवतो. मी दर शनिवारी इकडे येईन. आणि येईन तेव्हा दोघं येऊ."

"वर तोंड करून सांगतोयस, बायकोवेड्या," त्या म्हणाल्या. आवाज मात्र ओला होता. कुणाकडेच न पाहता त्या पुढं म्हणाल्या, "मी बावीस वेळा माहेरी गेले. बावीस वेळा गडीच आला न्यायला. एकदा तरी... असू दे." मग त्या झटकन उठल्या. "सखू, भाकऱ्या बांध. दोघांच्या. आणि ते आपलं गोड लोणचं दे, त्याला हिच्या माहेरचं तिखट सोसायचं नाही."

ट्रंक दमणीत गेली. स्टेशन जवळच, म्हणून दोघं चालत निघाली. उत्तरा रीतीप्रमाणे चार पावलं मागं राहिली. त्र्यंबक थांबला. ती पण थांबली. तो हलेचना, तेव्हा तिला पुढं यावंच लागलं, अगदी त्याच्या बरोबरीला.

"माझी शपथ मोडलीत," ती म्हणाली.

"शब्द गोड होता तुझा. पण खोटा होता. रोज खरं भाषांतर करण्याची शपथ घेऊन बसतो मी. पहिल्यांदा स्वतःबद्दल लिहायचं, आणि तेव्हाच खोटं लिहू?" तो थोडा घुटमळला. "आणि तुझ्याबद्दलचं... ते मऊ करून लिहावंसं वाटलं नाही."

"तीन दिवस पाटी कोरी ठेवलीत. मी काय समजले असेन?"

"लिहिलं असतं तर तू रडली असतीस, आणि मग माझा धीर सुटला असता."

ठाण्याच्या फलाटावर ऊन आणि पाऊस एकदमच आले. लांबून गाडीचा धूर दिसू लागला. त्र्यंबकनं डगल्यातून ती वही काढली, 'यू'चं पान उघडलं आणि तिच्यापुढं धरलं.

"अर्थ लिहिलाय. वापर राहिलाय. वाक्य करा बघू, बाई."

उत्तरानं इकडे तिकडे पाहिलं. माणसं होती, भरपूर होती. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं ते सणासमारंभाला, चार ओळींच्या उखाण्यात गुंडाळून, एरवी कधीच नाही. तिनं पदर सावरला आणि उखाण्याशिवाय, मोकळ्या आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा ते नाव उच्चारलं.

"त्र्यंबक अजून अक्सोरिअस नाहीत," ती म्हणाली. मग त्याच्या कानांकडे पाहून हसली. "पण होतील."